चौथ्या प्रहराची आरती

खूप खूप वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात एक सासू आणि तिची नवी सून राहत होत्या.

सासूचं हरतालिकेचं हे बारावं वर्ष. दिवसभर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, रात्रभर जागायचं आणि चारही प्रहरांच्या आरतीला उभं राहायचं, असा त्या गावाचा नेम होता. बारा वर्षं हे न चुकता पाळलं की उद्यापन, आणि शेवटच्या आरतीचं ताट उद्यापन करणारीच्या हाती. एक आरती जरी चुकली, तरी पुन्हा पहिल्यापासून.

पूजेची वाळू आणायचा मान नव्या सुनेचा. तिने पहाटेच नदीवरून पाटी भरून आणली. सासूने मूठभर वाळू हातात घेऊन पाहिली.

"अगं, यात खडे आहेत. माझ्या उद्यापनाला अशी पिंडी करायची?"

सून पुन्हा गेली. मग तिसऱ्यांदाही गेली. डोक्यावर ओली वाळू, पोटात पाणीसुद्धा नाही.

पिंडी सुरेख झाली. रात्री देवळात झिम्मा रंगला, फुगड्या झाल्या. तीन आरत्या पार पडल्या. इतक्यात सासूच्या खांद्यावर काहीतरी टेकलं. सून बसल्या बसल्या झोपली होती. हळूहळू तिचं डोकं घसरून सासूच्या मांडीवर आलं.

"उठवा हो तिला!" शेजारीण हसली. "सूनबाई जागरणाला आल्यात की माहेरपणाला?"

सासूने उठवायला हात उचलला. पण ओझ्याने आखडलेल्या मानेने सून झोपेतही कण्हत होती. उचललेला हात तिच्या मानेवरून अलगद फिरू लागला.

घंटा वाजली. बायका उभ्या राहिल्या. गावातल्या सर्वांत थोरल्या आजींनी ताट पुढे केलं.

"ऊठ गं. बारा वर्षं वाट पाहिलीस ना याची?"

सासूचे डोळे भरून आले. "आजी, ताट दुसरीला द्या. मी उठले तर ही जागी होईल."

"अगं, व्रत मोडेल तुझं!"

"मोडू दे. पुढच्या वर्षी पहिल्यापासून धरीन. या लेकराला मीच आज दोनदा परत नदीवर पिटाळलंय."

आजी गुडघ्यांवर हात ठेवत तिच्यासमोर खाली बसल्या आणि ताट तिच्याच हातात दिलं. त्या बसल्या तशा साऱ्या जणी बसल्या. आरती झाली, अगदी हळू आवाजात.

व्रत मोडलं की पुरं झालं, हा प्रश्न गावात कुणी काढला नाही. पण तेव्हापासून तिथे चौथ्या प्रहराची आरती बसूनच होते, आणि थकून झोपलेल्या बाईला कुणी उठवत नाही.

लहानांनो आणि मोठ्यांनोही, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या माणसाचा शीण ज्याला दिसतो, त्याचंच व्रत देवाला पोचतं.