राजांचा डावा दस्ताना

"डावा दस्ताना घडव! आणि उजव्यावर आहेत तसे लढाईचे घाव त्याच्यावरही पाहिजेत. खरे घाव! दसऱ्यापर्यंत झाला नाही, तर तुझे दोन्ही अंगठे उडवीन!"

हा हुकूम चिंचवणच्या शत्रुंजयराजांचा. नाव शत्रुंजय, आणि उभ्या जन्मात जिंकलं काय? सोंगट्यांचा डाव! तोही समोरचा मुद्दाम हरला म्हणून. हुकूम ऐकत उभा होता म्हातारा गेनू लोहार. अंगठेच गेले तर लोहारानं हातोडा धरायचा कशानं?

भानगड अशी, की राजांच्या पणजोबांचा लोखंडी दस्ताना शिलेखान्यात होता. लढाईत मनगटापासून बोटांपर्यंत हात झाकायचा तो. पण एकटा उजवाच. डावा रणात हरवलेला. आता राजांना दसऱ्याला हत्तीवर बसून दोन्ही हात मिरवायचे होते, आणि वर "घाव आम्हीच झेलले" असं सांगायचं होतं. लाज नावाची चीज राजवाड्यात कुणी ठेवलेलीच नव्हती!

"उजवा आमच्या हातात खुळखुळतो," राजे म्हणाले. "डावा आमच्या मापाचा कर. दुसऱ्या कुणाचाही हात आत जाता कामा नये!"

"होय सरकार. घाव मी हातोडीनं..."

"खबरदार!" शिलेखान्याचे कारभारी बजाबा ओरडले. हे शस्त्रांचे मोठे जाणकार. कांदा चिरायचा तरी बायकोला हाक मारत. "रिकाम्या दस्तान्यावरची हातोडी आणि हात आत असताना बसलेली तलवार, आम्हाला एका नजरेत कळते!"

"ऐकलंस? हात आत असतानाच घाव बसले पाहिजेत!" राजांनी शिक्कामोर्तब केलं.

गेनू घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. त्याची लेक हौसा भाता ओढत होती. सगळं ऐकून ती फस्सकन हसली.

"अगं, माझे अंगठे चाललेत आणि तू हसतेस?"

"तुमचे अंगठे कुठे जात नाहीत, आबा. अक्कल त्यांची गेलीय! तुम्ही दस्ताना घडवा. घावांचं मी बघते."

गेनूनं माप आणलं. राजांचा हात म्हणजे लोण्याचा गोळा, आणि बोटं लहान पोरासारखी! त्यानं पत्रा कापला, बोटांवर माशाच्या खवल्यांसारख्या पट्ट्या एकीवर एक बसवल्या, मूठ मिटते का ते पाहिलं, आत मऊ चामडं लावलं. दस्ताना असा देखणा झाला, की तो राजांना द्यायचा म्हणून म्हाताऱ्याला वाईट वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी बापलेक दरबारात गेले. राजांनी हात घातला. चपखल!

"वा! पण घाव कुठे आहेत रे गेनू?"

हौसा पुढे झाली. "तेवढेच राहिलेत, सरकार. हात आत असल्याशिवाय खरा घाव बसत नाही, असं कारभारीच म्हणाले. आता हात पुढे करा, दारावरच्या शिपायाची तलवार चालेल!"

राजांचा चेहरा पांढराफटक पडला. "आमचा हात? बजाबा, तू घाल!"

बजाबांनी घाम पुसत पंजा आत कोंबून पाहिला. जाईना! अपयशाचा इतका आनंद झालेला माणूस दरबारानं कधी पाहिला नव्हता.

"सरकारांशिवाय कुणाचा हात आत जाऊ नये, हा सरकारांचाच हुकूम," हौसा म्हणाली. "बोलावू का शिपायाला?"

"नको, नको! घाव राहू देत!" राजे ओरडले. मग ओशाळून म्हणाले, "पण पोरी, उजव्यावर इतके घाव आणि डावा कोरा! लोक विचारतील, तेव्हा आम्ही काय सांगायचं?"

"त्यात काय अवघड? सांगा, या हातावर वार करायची आजवर एकाही शत्रूची छाती झाली नाही!"

राजे पोट धरून हसत सुटले. "शाब्बास! अगदी खरं आहे!" दरबारही हसला, कशाला, ते राजांना कळलं नाही हे बरंच झालं.

राजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि गेनूला शालजोडी. मग डावा हात उंच धरून हत्तीवरून गावभर फिरले, आणि कुणी विचारायच्या आतच प्रत्येकाला तेच सांगत सुटले!