वठलेली फांदी

सह्याद्रीतल्या एका रानात, ऐनाच्या उंच झाडावर, एक मोठी खार राहत असे. शेकरू म्हणतात ना मुलांनो, तीच, झुपकेदार शेपटीची. ती बुद्धीने तल्लख होती, आणि हे ती स्वतःच सर्वांना सांगत असे. कुठेही निघायचे असले, की पहिल्याच नजरेत ती बहुतेक फांद्या बाद करून टाकी. ही वठलेली, ती लवणारी, पलीकडची फार खाली. उरलेल्या दोन-तीन फांद्यांचा मात्र ती पार शेवटापर्यंत विचार करी : इथून जांभळीवर, जांभळीवरून हिरड्यावर, आणि मग पुढे काय.

त्याच झाडावर एक सरडा होता. त्याचे सगळेच उलटे. तो एकही फांदी सोडत नसे. प्रत्येकीवर वीतभर जाई, डोळे गरागरा फिरवून पाही आणि परत येई.

“सरडोबा, असं बघत बसलात तर दिवाळी आली तरी याच झाडावर असाल,” खार त्याला चिडवी.

“असेन की,” सरडा शांतपणे म्हणे, “पण ताई, तुम्ही न बघताच सोडलेल्या फांद्यांचं मला वाईट वाटतं.”

एके दुपारी खार घरट्यात पिल्लाला पाजत होती. पिल्लाचे डोळेही अजून उघडले नव्हते. तेवढ्यात खाली साल खरवडल्याचा आवाज आला. तिने वाकून पाहिले, तर एक रानमांजर बुंध्यात नखे रोवत वर येत होते.

खारीने झटपट विचार केला. जांभळीकडची फांदी जाडजूड. पण ती आपल्याला पेलते तशी मांजरालाही पेलेल. पिल्लू तोंडात धरून आपण किती पळणार? हिरड्यावर पोचायच्या आतच ते गाठेल. दुसरी फांदी ओढ्याकडे जाते, पुढे झाडच नाही. तिसरीवरून उडी फार लांबची, पिल्लू सुटेल. एकेक वाट तिने मनातल्या मनात शेवटापर्यंत नेली, आणि कुठेच पिल्लू वाचेना.

“ताई, ती वठलेली राहिली,” शेजारून सरडा म्हणाला.

“ती? ती मी कधीच सोडलीये. पाय ठेवला की कडकडते.”

“कडकडते खरी. पण मोडते का, ते पाहिलंत? मी वीतभर जाऊन आलोय. माझ्यासारख्याला काही होत नाही. पुढचं मला दिसत नाही, ते तुम्हीच बघा.”

खारीने पहिल्यांदाच त्या फांदीकडे नीट पाहिले. टोकाशी उंबराची फांदी अगदी जवळ आलेली होती. ही कडकडेल, पण आपण हलक्या, आपल्याला पलीकडे नेईल. मग मागून मांजर येईल. मांजर चांगले वजनदार आहे. आता पुढचे सगळे तिला लख्ख दिसले.

तिने पिल्लू तोंडात धरले आणि धाव घेतली. पावलागणिक फांदी कडकडत होती, पण खार टोकाला पोचली आणि उंबरावर झेपावली. मांजर तिच्या पाठोपाठ निघाले. निम्म्या वाटेवर फांदी काडकन मोडली आणि मांजर फांदीसकट खाली करवंदीच्या जाळीत कोसळले. काट्यांच्या जखमा चाटत, लंगडत ते जे निघून गेले, ते पुन्हा त्या बाजूला फिरकले नाही.

पिल्लाला उंबराच्या ढोलीत ठेवून खार दुसऱ्या वाटेने परत आली. भीतीने काळवंडलेला सरडा अजून तिथेच बसला होता.

“सरडोबा, माझं पिल्लू आज तुमच्यामुळे आहे,” ती म्हणाली. “आणि मी तुम्हालाच हसत होते.”

“अहो ताई, सगळं माझ्यावर सोपवलं असतंत, तर मी अजून पुढच्याच फांदीवर डोळे फिरवत असतो. शेवटापर्यंत तुम्ही पाहिलंत.”

“पण तिकडे बघा म्हणून कोणी सांगितलं?”

खारीने त्याला पाठीवर घेतले आणि आपल्या नव्या झाडावर नेले. पुढेही ती बऱ्याच फांद्या सोडीतच असे, कारण त्याशिवाय दूरचा विचार होत नाही. पण निघण्यापूर्वी ती न चुकता विचारी, “सरडोबा, काही राहिलं का?” आणि पिल्लाचे डोळे उघडले, तेव्हा आईने त्याला सर्वांत आधी उंबराच्या फांदीवर वीतभर पुढे आलेला हिरवागार सरडा दाखवला.

तात्पर्य : दूरचे पाहायचे तर काही वाटा सोडाव्याच लागतात, पण सोडलेल्या वाटेकडेही एकदा वळून पाहावे, आणि ती दाखवणाऱ्याचे उपकार विसरू नयेत.