सुभाना तांबटाचा उजवा हात

राजाचा हुकूम दवंडीवाल्याच्या तोंडून गावभर फिरायचा आणि वेळ सांगायला एकटा सूर्य पुरायचा, अशा फार जुन्या काळी नदीकाठच्या एका राजधानीत तांबटांची आळी होती. चाळीस घरं आणि चाळीस ऐरणी. सकाळी पहिला हातोडा पडला की दिवस मावळेपर्यंत त्या आळीत कुणी कुणाशी हळू आवाजात बोलू शकत नसे.

या आळीत सुभाना नावाचा तांबट राहत होता. तांब्याचं भांडं घडवून झालं की त्यावर अंगभर बारीक ठोके मारावे लागतात. त्याला म्हणतात मठारणं. मठारल्याने तांबं चमकतं आणि कणखरही होतं. न मठारलेली घागर दिसायला घागरच, पण मऊ. सुभानाचं मठारकाम असं की बोट फिरवलं तर एक ठोका दुसऱ्यापेक्षा खोल लागायचा नाही. त्याच्या हाताचं नाव शेजारच्या राज्यांत होतं, आणि सुभानाला त्या नावाचा गर्व होता.

एके वर्षी राजपुत्राचं लग्न ठरलं. राजाच्या मनात आलं, लग्नाच्या दिवशी दोन हजार सुवासिनींनी दोन हजार नव्या घागरींतून नदीचं पाणी राजवाड्यात आणावं. त्याने कारभाऱ्याला विचारलं, "किती दिवस लागतील?"

खरं तर दोन वर्षं लागली असती. पण कारभाऱ्याला राजासमोर कधी 'नाही' म्हणता येत नसे. तो म्हणाला, "सहा महिने, महाराज."

आळीत कुणाला विचारलंच नाही. दवंडी पिटली आणि प्रत्येक घराला पन्नास घागरी वाटून दिल्या.

झालं, हातोडे सुरू झाले. पूर्वी दुपारची भाकरी खाऊन माणसं घटकाभर पाठ टेकायची, ते बंद झालं. सणवार बंद झाले. दुसरा महिना संपता संपता सुभानाच्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला काहीतरी ठणकू लागलं. आधी फक्त रात्री. मग सकाळी पंचा पिळताना कळ यायची. मग एक दिवस पाण्याचा पेला उचलला आणि तो हातातून निसटला.

त्याची बायको गजरा बघत होती. ती म्हणाली, "अहो, चार दिवस झाले, तुम्ही पाणी डाव्या हाताने पिताय."

"सवय लावतोय."

"घास पण डाव्या हाताने घेताय."

"गजरा, दुखण्यापुढे मान तुकवणारा मी नव्हे," सुभाना म्हणाला. त्याने कोपरावर फडकं करकचून आवळलं आणि त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त ठोके मारले. प्रत्येक ठोक्याला वीज चमकावी तशी कळ मनगटापर्यंत जायची. सुभानाला वाटायचं, आपण दुखण्याला हरवतोय. दात ओठ खाऊन तो आणखी जोरात मारायचा.

असे वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी गजरा त्याच्यासाठी ताक घेऊन आली आणि नेमका त्याच वेळी सुभानाच्या मुठीतला जोर गेला. वर उचललेला हातोडा सुटला आणि गजराच्या डोक्यावरून जाऊन मागच्या भिंतीत रुतला. ती वाकली होती म्हणून वाचली.

ताक सांडलं होतं.  सुभाना भिंतीतल्या त्या खड्ड्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि तडक तालमीत गेला.

तालमीचा वस्ताद म्हातारा होता. कुस्त्या कधीच सुटल्या होत्या, पण पैलवानांचे निखळलेले खांदे आणि मुरगळलेले गुडघे गावभरातून त्याच्याकडेच यायचे. त्याने सुभानाचा हात मांडीवर घेतला, कोपराच्या बाहेरच्या हाडाशी अंगठा टेकवला आणि किंचित दाबला. सुभाना ओरडलाच.

"आता मनगट वर उचल. मी खाली दाबतो."

सुभानाने प्रयत्न केला. हात थरथरून खाली पडला.

"हाड शाबूत आहे," वस्ताद म्हणाला. "मनगट उचलणारे स्नायू या हाडाला जिथे धरून असतात, तिथली दोरी झिजलीये. एकाच जागी एकच ओढ, हजारो वेळा. मधे विसावा नाही. मग दोरी करील काय?"

"लेप द्या, वस्ताद. कडक द्या. उद्या कामावर बसायचंय."

"लेप देतो. बरं वाटेल. पण लेपाने दोरी विणली जात नाही. ती शरीर विणतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. आधी हातोडा खाली ठेव. चांगले पंधरा-वीस दिवस. हात बांधून नुसता बसवायचाही नाही, हलकं घरकाम चालू दे. मग हळूहळू ताकद आणू. तीन-चार महिने धर. जास्तही लागतील."

"तीन महिन्यांनी तर लग्न आहे!" सुभाना उसळला. "मी थांबलो तर लोक म्हणतील सुभाना घाबरला."

वस्ताद हसला नाही. तो म्हणाला, "माझ्या तालमीत एक पोरगा होता. तुझ्यापेक्षा ताकदवान. दुखऱ्या खांद्याने खेळत राहिला, कारण लोक काय म्हणतील. आज त्याला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. त्याला जिद्दी म्हणणारे लोक त्याचे केस विंचरायला येत नाहीत."

सुभाना घरी आला. ऐरणीसमोर बसला. हातोडा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी तो त्याने फडक्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवून दिला. आजवर त्याने काहीही इतक्या कष्टाने केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कारभारी दारात. बरोबर दोन शिपाई.

"सुभाना, तुझी ऐरण गप्प का?"

"हात दुखावलाय, सरकार. बरा होईपर्यंत ठोकणार नाही."

"हात तर जागच्या जागी दिसतोय तुझा. रक्त नाही, सूज नाही. ही सोंगं माझ्यापुढे नकोत."

"तुम्हाला दिसत नाही म्हणून ते नाही असं होत नाही."

आसपासच्या घरांतले हातोडे थांबले. कारभाऱ्याचा चेहरा तापला. "राजाचा हुकूम मोडतोस?"

"राजाने घागरी मागितल्या," सुभाना म्हणाला.  "सहा महिने तुम्ही कबूल केलेत. माझा हात तुम्ही कबूल करायला नको होता. तो तुमचा नाही."

कारभाऱ्याने ऐरण उचलायला लावली. हातोडे, सांडशी, भाता, सगळं बैलगाडीत घालून नेलं. जाताना आळीकडे वळून तो ओरडला, "याच्या वाटच्या घागरी आता तुम्ही करायच्या. आणि आणखी कुणाचा हात दुखत असेल तर आत्ताच सांगा!"

 सुभानाला दिसलं, दारात उभ्या असलेल्या कित्येकांनी आपला उजवा हात पाठीमागे घेतला होता.

शेजारच्या घरात धुळोजी तांबट राहायचा. सुभानापेक्षा दहा वर्षांनी मोठा. सुभाना त्याला गाठून म्हणाला, "दादा, तुझाही हात गेलाय. ठोका ऐकून कळतं मला. थांब तू पण."

धुळोजी चिडला. "तुम्ही घरात दोघंच. माझ्या घरी सात तोंडं आहेत. माझी ऐरण नेली तर त्यांना काय तुझा बाणेदारपणा वाढू?"

सुभाना तसाच घरी परतला.

घर गजराने सावरलं. परसातली भाजी, कोंबड्या, शेजारणींचं दळणकांडण. ती एकदाही म्हणाली नाही की कारभाऱ्याची माफी मागा. उलट कुणी कुजबुजलं की ती मोठ्याने म्हणायची, "माझा नवरा बरा होतोय. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

वीस दिवसांनी वस्तादाने एक छोटी पिशवी दिली, तीत मूठभर वाळू. हात मांडीवर टेकवायचा, मनगट गुडघ्याबाहेर, पिशवी मुठीत. डाव्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यायचं आणि आधार सोडून अगदी सावकाश खाली आणायचं. पंधरा वेळा. थांबायचं. पुन्हा पंधरा वेळा. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी ते वाढलेलं नको. आठवड्याने वाळूची आणखी एक मूठ.

ज्या हाताने पन्नास-पन्नास शेरांचे हंडे फिरवले, तो मूठभर वाळूने थरथरतो हे बघून सुभानाला रडू यायचं. चाळिसाव्या दिवशी हात बराच हलका वाटला, म्हणून त्याने गुपचूप कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडली. दुसऱ्या सकाळी कोपर पुन्हा पेटलं. तो मान खाली घालून तालमीत गेला.

"अर्धी वाळू काढ पिशवीतली," वस्ताद एवढंच म्हणाला. "पुन्हा चढू."

पण सगळ्यात अवघड होतं ते ऐकणं. दिवसभर आळी ठोकत असायची आणि सुभाना ऐकत असायचा. प्रत्येकाचा ठोका त्याला ओळखू यायचा. महिना लोटला तसे ते ठोके बदलले. कुणाचा उथळ पडू लागला, कुणाचा वाकडा. धुळोजीचा ठोका तर नुसता तांब्याला शिवून परत येई. घागरी वेळेत तयार होत होत्या. मठारल्या मात्र जात नव्हत्या.

लग्नाचा दिवस उजाडला. दोन हजार सुवासिनी नदीवर गेल्या, घागरी भरल्या, डोक्यावर घेतल्या. वाजंत्री वाजू लागली. आणि राजवाड्याच्या पायऱ्या चढता चढता पहिली घागर पाण्याच्या भाराने बसली. गळा वाकला, पोट चेपलं, पाणी भळकन पैठणीवर. मग दुसरी. मग दहा, मग शंभर. मऊ तांबं भार कसं सोसणार? पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहिले, भटजींचं होमकुंड विझलं आणि नवरदेवाचा घोडा घसरता घसरता वाचला.

राजा संतापला. दुसऱ्या दिवशी अख्खी आळी दरबारात उभी केली गेली.

कारभारी म्हणाला, "महाराज, हे आळशी आहेत. मुद्दाम कच्चं काम केलं. आणि फूस लावणारा हा सुभाना. याने तर हुकूमच झुगारला."

चाळीस तांबट खाली मान घालून उभे होते. सुभाना पुढे आला.

"महाराज, एक विनंती. या सगळ्यांच्या हातात त्यांचे हातोडे द्या. उजवा हात सरळ पुढे करून प्रत्येकाने हातोडा धरायचा. नुसता धरायचा. शंभर अंक मोजेपर्यंत."

राजाने मान डोलावली. हातोडे वाटले गेले. भालदार मोजू लागला.

आठ म्हणेपर्यंत धुळोजीचा हातोडा दरबाराच्या फरशीवर आदळला. धुळोजीने डोळे मिटून घेतले. बारा, पंधरा, वीस. ठण्, ठण्, ठण्. पन्नास होईतो एकोणचाळीस हातोडे जमिनीवर होते. सुभानाच्या हातात एक उसना हातोडा होता. त्याचा हात थरथरत होता, कपाळावर घाम होता, पण शंभर म्हटल्यावरच त्याने हातोडा खाली ठेवला, आणि तोही वाकून.

 राजाने विचारलं, "यांना जमलं नाही ते तुला कसं जमलं?"

"मी हुकूम मोडला म्हणून, महाराज."

"ऐकलंत?" कारभारी ओरडला. "भर दरबारात कबूल करतोय!"

"पुन्हा करतो," सुभाना म्हणाला. "ज्यांनी तुमचा हुकूम पाळला त्यांचे हात बघा. यांना आळशी म्हणणाऱ्याने यातला एक तरी हातोडा दिवसभर चालवून दाखवावा."

राजा सिंहासनावरून उतरला आणि धुळोजीसमोर उभा राहिला. त्याचा हात हातात घेतला तेव्हा धुळोजी कळवळला. राजाने तो हात हलकेच सोडला आणि कारभाऱ्याकडे वळला. "सहा महिन्यांत होईल असं तू कुणाला विचारून सांगितलंस?"

 कारभाऱ्याची पदाची वस्त्रं त्याच दिवशी काढून घेतली गेली.

"सुभाना, तुझी ऐरण परत मिळेल," राजा म्हणाला. "घागरी पुन्हा घडवा. या वेळी एक वर्ष देतो."

आळीला वाटलं, आता हा पाया पडेल. सुभाना म्हणाला, "नाही, महाराज. दिवस आम्ही सांगू. आधी हे हात बरे होतील. मग दुपारचा विसावा परत येईल, आणि ज्याचं दुखेल तो हातोडा खाली ठेवील. त्याच्या दारात शिपाई येणार नाही. हे मान्य नसेल तर माझी ऐरण तुमच्याकडेच राहू द्या."

राजाने धुळोजीच्या हाताकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, "मान्य."

घागरी व्हायला तीन वर्षं लागली. त्यातली एकही चेपली नाही. बहुतेकांचे हात वस्तादाच्या वाळूने बरे झाले, कुणाचा चार महिन्यांत, कुणाचा वर्षात. धुळोजीचा मात्र झाला नाही. फार उशीर झाला होता. आळीने त्याच्या सात तोंडांना उपाशी राहू दिलं नाही, पण त्याने पुन्हा कधी हातोडा उचलला नाही, आणि सुभानाला त्याच्या दारावरून जाताना दरवेळी वाटायचं, आपण त्या दिवशी आणखी भांडायला हवं होतं.

लहानथोर हो, यातून घ्यायचं ते एवढंच: दुखऱ्या हाताला वेळेवर विसावा देणं हा आळस नव्हे, आणि त्या विसाव्यासाठी भांडावं लागलं तर भांडणं हा गुन्हा नव्हे.