मस्कतमध्ये दाबलेलं बटण

"माझी चावी आप्पांनी पुसून टाकली का, एवढंच सांगा."

जयदेव शिर्के मस्कतहून आला तो घरी गेलाच नाही. बॅगेसकट खेडला मुकादमचाचांच्या गॅरेजात येऊन उभा राहिला. चाचा गाड्यांच्या चाव्या करत. अडलेली माणसं त्यांच्याकडे नुसती बसायलाही येत.

आप्पांची, म्हणजे जयदेवच्या वडिलांची गाडी दुरुस्त होऊन तिथेच उभी होती. त्याने खिशातल्या चावीचं बटण दाबलं. गाडी गप्प. परत दाबलं...

वडिलांशी भांडून तो निघून गेला, तेव्हा ही जोडचावी त्याच्याकडे राहिली होती. मागाहून आप्पांनी चाचांकडून नवी करून घेतल्याचं कानावर आलं. नवी करताना हातात नसलेली चावी गाडीच्या स्मरणातून पुसतात, हे त्याला ठाऊक होतं. पुसली असेल तर आपण घरी न जाता परत फिरणार, असं तो म्हणाला.

तिकडे हे बटण कधी दाबलंस का, असं चाचांनी विचारलं.

जयदेव खाली बघत राहिला. "रोज. संध्याकाळी."

"मस्कतहून खेडची गाडी उघडते का, बघत होतास?"

"नाही... असंच."

चाचांनी सांगितलं, बटण दर वेळी नवा आकडा पाठवतं आणि गाडी मागोमाग मोजत असते. लांब राहून दाबत बसलं की चावी फार पुढे निघून जाते. मग गाडी तिचं ऐकत नाही. पण चावीच्या डोक्यात एक चिप असते. तिला सेल लागत नाही. चावी स्टिअरिंगजवळ घातली की गाडी त्या चिपलाच विचारते, आणि ओळख पटली तरच इंजिन चालू होऊ देते.

"बस आत. फिरव."

जयदेव बसला. चावी घातली. हात तिथेच थांबला.

"नाही झाली तर?"

चाचा बोनेटला टेकून उभे राहिले.

त्याने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं.

बराच वेळ त्याने ते बंद केलं नाही.

"पुसायला विसरलात का, चाचा?"

"घेतली होती पुसायला. आप्पांनी माझा हात धरला."

...

"त्यांना आता काय सांगू?"

"काही नको. गाडी घेऊन घरी जा. दारात हॉर्न मात्र वाजवू नकोस. उतर, आणि कडी वाजव."