फुगेना केक, मिळेना कड

एक होती मुंगी. इवलीशी, पण भारी ठसक्याची! ती नेत होती साखरेचा दाणा. तुरुतुरु, तुरुतुरु!

ओट्यावर एस्तेरबाई करत होत्या स्पंज केक. पाहुणे यायचे होते ना, दुपारच्या साहेबी चहाला! बाईंनी सांडलेली साखर गोळा केली. फस्स! मुंगीचा दाणाही गेला वाडग्यात. लोण्यात घोटला, मैद्यात हरवला.

मुंगी रडली. "बाई, माझा दाणा द्या!"

"आता कुठला दाणा? केक फुगू दे. मग खरपूस कड तुझी."

मुंगी गेली वाडग्यापाशी. "केका केका, फुग ना!"

"मी साहेबी केक! अंड्याशिवाय फुगत नसतो!"

तुरुतुरु, तुरुतुरु! मुंगी गेली कोंबडीकडे.

"कोंबडीताई, अंडं दे! केक फुगेना, कड मिळेना!"

"कोंबडा मला लठ्ठ म्हणाला. आधी सॉरी म्हणू दे!" कोंबडी फुगून बसली.

तुरुतुरु, तुरुतुरु! मुंगी गेली कोंबड्याकडे.

"कोंबडेदादा, सॉरी म्हण! कोंबडी अंडं देईना, केक फुगेना, कड मिळेना!"

"माझ्या भिंतीवर मनी बसलीय. आधी तिला हलू दे!" कोंबडाही फुगून बसला.

तुरुतुरु, तुरुतुरु! मुंगी गेली मनी मांजरीकडे.

"मनीताई, हल ना! कोंबडा सॉरी म्हणेना, कोंबडी अंडं देईना, केक फुगेना, कड मिळेना!"

"सगळं लोणी केकला? मला बोटभरही नाही? मी नाही हलायची!" मनीही फुगून बसली.

सगळे कसे टम्म फुगले. केक तेवढा चपटा!

तुरुतुरु, तुरुतुरु! मुंगी आली बाईंकडे.

"बाई, मनीला लोणी द्या! मनी भिंतीवरून हलेना, कोंबडा सॉरी म्हणेना, कोंबडी अंडं देईना, केक फुगेना, कड मिळेना!"

"मांजरीला लोणी? पाहुणे काय म्हणतील!" बाईंनी नाक मुरडलं.

मुंगी अशी चिडली, अशी चिडली! बाईंच्या अंगठ्याला चावली. चट्!

"आई गं!" बाई उडाल्या. चमच्यातलं लोणी पडलं. थप्प!

मनीनं मारली उडी. लप लप, लप लप! भिंत झाली रिकामी. कोंबडा म्हणाला सॉरी. कोंबडीनं घातलं अंडं. अंडं गेलं वाडग्यात. केक गेला ओव्हनमध्ये. आणि केक फुगला. टम्म!

बाईंनी खरपूस कड काढून मुंगीला दिली.

पाहुणे आले. चहा प्यायले, सुर्र सुर्र! केककडे बघून म्हणाले, "वा, वा! पण आम्ही गोड सोडलंय हं!"

झालं! आता बाई फुगून बसल्या.

मुंगी कड कुरतडत म्हणाली, "फुगू देत! मी काही आता कुणाकडे जायची नाही!"