सत्तावीस खुणा

"सत्तावीस कलमं होती, सिस्टर. सत्तावीसच्या सत्तावीस खुणा केल्यात हिनं. मग बाई मेलीच कशी?"

डॉक्टर निखिलेश पाठारे खुणांचा कागद पुढे धरून उभा होता. एस्तेर सिस्टर कापसाची बरणी पुसत राहिल्या.

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या धर्मादाय दवाखान्यात त्यांची अडतीस वर्षं गेली होती. पाठारे इथं शिकाऊ असताना त्याला शीर सापडेना, तेव्हा त्यांनीच त्याचा हात धरून सुई घालायला शिकवली. आता तो शहरातून कामाचा दर्जा सुधारण्याचं शिक्षण घेऊन आला होता. रक्त चढवण्यापासून चादर बदलण्यापर्यंत प्रत्येक कामाचा छापील तक्ता त्यानं भिंतीवर लावला होता. कुणीही केलं तरी काम एकसारखंच व्हायला हवं, हे त्याचं म्हणणं. ते खोटं आहे असं कुणी म्हटलं नव्हतं.

काल शेवंताबाईंसाठी आलेलं रक्त केसरबाईला चढलं. सकाळी दोघींनी आपसांत खाटा बदलल्या होत्या. एकीला पंख्याचा वारा सोसत नव्हता. मनगटाला नावाच्या पट्ट्या बांधायच्या, असं तक्त्यात होतं. पट्ट्या पुढच्या महिन्यात येणार होत्या. तोवर नाव विचारून घ्यावं, असं खाली बारीक अक्षरात छापलं होतं.

संध्याकाळी केसरबाई गेली.

जिनं रक्त लावलं ती नर्स रोशनी वळवी दाराशी उभी होती. लग्नाला दीड महिना झालेला. चौथ्या कलमाप्रमाणे हिरव्या बांगड्या काढून तिनं खिशात ठेवल्या होत्या. हललं की त्या वाजत, म्हणून ती हलत नव्हती.

पाठारेच्या हातात खुणांच्या कागदाखालीच चौकशीचा कागद होता. त्यावर दोन चौकटी होत्या. पद्धतीचा दोष. कर्मचाऱ्याचा दोष. दुपारी बारापर्यंत एकीत खूण करून पाठारेनं कागद वर पाठवायचा होता. दुसरीत खूण झाली की रोशनीची नोकरी गेली, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"हिनं नाव विचारलंच नसणार," पाठारे म्हणाला.

"विचारलं, सर. शेवंताबाई ना तुम्ही, म्हटलं. हो म्हणाल्या."

"हो म्हणाल्या..."

"तुमचा तक्ता छान आहे, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "अक्षर मोठं आहे. वरचं सगळं मला चष्म्याशिवाय वाचता येतं."

त्यांनी बरणी ठेवली आणि पुरुषांच्या वॉर्डात निघाल्या. दोघं मागोमाग गेली.

पहिल्याच खाटेवर पाड्यावरून आलेला एक म्हातारा होता. डॉक्टर दिसताच तो उठून बसला, पांघरूण सारखं केलं.

"तुम्ही गुलाबसिंग ना?" सिस्टरनी विचारलं.

"हो बाई."

"रामा ना तुम्ही?"

"हो."

"जेवलात?"

"हो."

उशाशी ताट झाकलेलंच होतं.

पाठारेनं झाकण उचलून पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला. चूक सापडली होती, आणि ती सुधारता येण्यासारखी होती. त्यानं पेन काढलं आणि हातातल्या खुणांच्या कागदावर खाली अठ्ठाविसावं कलम लिहिलं. आपण नाव घेऊ नये, रुग्णाकडून वदवून घ्यावं.

"साधी गोष्ट आहे," तो रोशनीकडे न बघता म्हणाला. "एवढं कळायला हवं होतं. बघा आता."

तो म्हाताऱ्याकडे वाकला.

"बाबा, तुमचं नाव काय?"

म्हाताऱ्यानं आधी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या कागदाकडे. काहीतरी चुकलंय आणि ते आपल्यावर येणार, अशा धास्तीनं त्यानं हात जोडले.

"तुम्ही लिहिलं असंल तेच, साहेब."

...

पाठारेच्या बोटांतून पेन गळून पडलं. मागे कुठंतरी बांगड्या वाजल्या.

सिस्टरनी पाठारेच्या हातातला चौकशीचा कागद घेऊन म्हाताऱ्याच्या पायांशी, खाटेवरच पसरला. पेन उचललं आणि त्याच्या बोटांत नीट धरवलं. कधीकाळी सुई धरवली होती तसंच.

"बारा वाजत आले, डॉक्टर. चौकटी दोनच आहेत. करा खूण."