लाल कापडातली प्रत

"पण एवढी मोठी कंपनी बुडेल कशाला, बाबा?"

शर्वाणीने हे तिसऱ्यांदा विचारलं. राग तसाही तिच्या नाकाच्या शेंड्यावरच असतो.

समोर कोठीबाबा बसले होते. मठातल्या पोथ्यांची कोठी चाळीस वर्षं त्यांच्याकडे, म्हणून हे नाव. जुनी अक्षरं लावायला शर्वाणीला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं.

आता तिने एक अ‍ॅप बनवलं होतं. साप चावला की कोणत्या आरोग्य केंद्रात लस शिल्लक आहे, गाडी कुणाची मिळेल, हे एकतीस गावांना त्यावर कळायचं. दोन वर्षांत नऊ माणसं त्यामुळे वाचली. अ‍ॅप एका कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर बांधलेलं होतं आणि तिथूनच चालायचं. ती कौतुकाची वाट बघत होती. बाबांनी विचारलं, दुसरी प्रत कुठे आहे?

तेच तिला झोंबलं.

बॅकअप रोज होतो, तिने सुनावलं. कुठे, तर त्याच कंपनीकडे, त्याच खात्यात.

"आणि खातंच बंद झालं तर?"



"तुम्ही तर देवाच्या पोथीच्याही चार प्रती काढता," ती उसळून म्हणाली. "देवावर विश्वास नाही का तुमचा?"

"देवावर आहे. कोठीवर नाही."

तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

"ही घ्या प्रत. कालच काढली. झालं समाधान?"

"वाचून पाहिलीस?"

"वाचायची कशाला? मूळ जिवंत आहे ना."

या मठाची एक रीत आहे. नवी प्रत परगावी नेतात आणि मूळ पोथी जवळ न ठेवता ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. तोवर तिला प्रत म्हणतच नाहीत. शर्वाणीला हे चांगलं ठाऊक होतं. त्या वाचनात ती हमखास पेंगायची.

बाबा उठले. कोठीतून लाल कापडात बांधलेली एक पोथी आणून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

तिने गाठ सोडली. वरचं पान शाबूत होतं, खालचंही. मधे नुसती वाळवीची माती...

"रोज फूल वाहायचो हिला," बाबा म्हणाले. "बावीस वर्षं. मूळ पोथी नदीकाठच्या मठात सुखरूप होती, म्हणून ही कधी उघडली नाही. पुरात मूळ गेली, तेव्हा उघडली. अजून लाज वाटते."

 पण हार मानणाऱ्यांतली शर्वाणी नव्हे. मठाच्या कचेरीत जुना संगणक होता, त्याला तिने पेनड्राइव्ह लावला. तासभर खटपट केली. अ‍ॅप उघडलं. बटणं जागच्या जागी, सापाचं चित्रही जागेवर. तिने विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिलं आणि 'लस कुठे आहे' हे बटण दाबलं.

यादी कोरी होती.

कोड उतरला होता. केंद्रं, साठा, गाड्या, चालकांचे नंबर... सगळ्या नोंदी मात्र कंपनीकडेच राहिल्या होत्या.

 मग तिने मान ताठ केली.

"असू दे. मूळ अजून जिवंत आहे."

बाबांनी लाल कापड उचललं आणि उंबऱ्याबाहेर झटकलं.

"वाळवीही जिवंत आहे."